ड्रॉपबॉक्सची गोष्ट आपण अर्धीच ऐकली

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय आहे स्टार्टअप काढणाऱ्यांना दिले जाणारे सल्ले. मार्केटिंग कसं करा, ब्रँड कसा बांधा, निर्णय कसे घ्या, वगैरे. या विषयावर इतकी पुस्तकं आहेत, की सगळ्यांबद्दल बोलायला गेलो तर कशाबद्दलच नीट बोलणं होणार नाही. म्हणून एकच पुस्तक घेतो आणि त्यातली एकच गोष्ट. पुस्तक आहे एरिक रीस यांचं 'द लीन स्टार्टअप', २०११ सालचं. आणि गोष्ट ड्रॉपबॉक्सच्या व्हिडिओची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती कुठे ना कुठे ऐकली असेल.

आपल्याकडे ती अशी सांगतात. ड्रू ह्यूस्टन नावाच्या तरुणाकडे एक कल्पना होती. फाइल एका कॉम्प्युटरवर ठेवली की ती आपोआप दुसऱ्यावर दिसावी. हे बांधणं अवघड आणि खर्चाचं. मग त्यानं काय केलं? प्रॉडक्ट न बांधता तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. एका रात्रीत प्रतीक्षा यादी ५,००० वरून ७५,००० वर गेली. लोकांना हे हवंय, हे सिद्ध झालं. तात्पर्य: आधी बांधू नका, आधी व्हिडिओ करा.

आकडे खरे आहेत, ह्यूस्टननं स्वतः सांगितलेले. तात्पर्य मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. का, ते तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं.

हा व्हिडिओ आला मार्च २००८ मध्ये. त्याआधी वर्षभर, म्हणजे एप्रिल २००७ मध्ये, ह्यूस्टननं एक प्रात्यक्षिक हॅकर न्यूजवर टाकलं होतं. २००७ च्या उन्हाळ्यात कंपनी वाय कॉम्बिनेटरमध्ये होती. त्याच वर्षी गुंतवणूकदारांचे पैसेही आले. म्हणजे व्हिडिओ आला तेव्हा सॉफ्टवेअर चालत होतं आणि मोजक्या लोकांच्या बीटा चाचणीसाठी दार उघडत होतं. रीस या व्हिडिओलाच ड्रॉपबॉक्सचं किमान प्रॉडक्ट, म्हणजे एमव्हीपी म्हणतात. पण बांधायच्या आधीची चाचणी म्हणावी, तर बांधून झालेलं बरंच होतं. माझा पुस्तकावरचा पहिला आक्षेप हा. गोष्ट सिद्धांतात बसावी म्हणून तिचं आधीचं वर्ष बाजूला पडलं.

दुसरा मुद्दा प्रेक्षकांचा. हा व्हिडिओ डिग नावाच्या साइटवर गाजला. तिथे तेव्हा तंत्रज्ञानवेड्या मंडळींचा अड्डा होता. व्हिडिओत ज्या फाइली इकडून तिकडे जाताना दिसतात, त्यांत त्या मंडळींनाच कळतील असे विनोद पेरले होते. आता रीस यांच्यावर अन्याय नको. हे विनोदांचं त्यांनी पुस्तकात लिहिलंय. गळलं ते आपल्या सांगण्यातून. कार्यशाळेतल्या स्लाइडवर 'व्हिडिओ करा' एवढंच उरलं. कुणासाठी, कुठे आणि त्या लोकांची भाषा येते का, हे सगळं गेलं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो या पुस्तकातल्या गोष्टीच्या पुढचा आहे. २०१० मध्ये ह्यूस्टननं एका परिषदेत आपले धडे जाहीरपणे मांडले. गंमत म्हणजे ती परिषद रीस यांनीच भरवलेली होती. तिथे त्यानं प्रांजळपणे सांगितलं, की सप्टेंबर २००८ मध्ये प्रॉडक्ट सगळ्यांसाठी खुलं झाल्यावर आम्ही पुस्तकी मार्केटिंग केलं. गूगलवर जाहिराती दिल्या. एक गिऱ्हाईक मिळवायला खर्च येत होता २३३ ते ३८८ डॉलर, आणि विकत होतो ९९ डॉलरची वस्तू! म्हणजे गिऱ्हाईक जितकी जास्त, तितका खड्डा मोठा.

मग त्यांनी तो मार्ग सोडला आणि मित्राला बोलवण्याची योजना आणली. तुम्ही मित्राला आणलंत, की तुम्हाला जास्त जागा आणि मित्रालाही जास्त जागा. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत चाळीस लाख झाले. रोजच्या नव्या नोंदणीपैकी ३५ टक्के या योजनेतून येत होत्या.

हे ऐकलं, की आपल्याला लगेच वाटतं, आपणही रेफरल योजना आणू. मलाही वाटलं होतं. आता थोडं स्वतःचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी पुण्यात छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. अपॉइंटमेंट, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या. पैसे घरचे होते, त्यातले बरेचसे माझ्या थोरल्या भावाचे. मी ड्रॉपबॉक्सची गोष्ट वाचून भारावलेला. योजना काढली: एका डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना आणलं, की दोघांनाही तीन महिने फुकट. भिंतीवर लावायला पत्रकं छापली. आठ महिने वाट बघितली. दोन दवाखाने आले, आणि त्यातला एक आमच्याच डॉक्टरांच्या बायकोचा होता.

(हशा)

हसा, आता मलाही हसू येतं. पण विचार करा, ड्रॉपबॉक्सचं काय होतं? माझा मित्र तिथे आला तर माझं काही जात नाही, उलट आम्हाला फाइली वाटून घेता येतात. बक्षीस म्हणून जी जागा मिळते, तीच तर मला हवी असते. आणि ती जागा द्यायला कंपनीला फार खर्च येत नाही. या तीन अटींवर ती योजना उभी होती. आमच्याकडे काय? शेजारच्या गल्लीतला डॉक्टर हा आमच्या डॉक्टरांचा स्पर्धक. त्याचं काम सोपं व्हावं म्हणून हे कशाला झटतील? तीन महिन्यांचे पैसे वाचण्यानं त्यांना फरक पडत नव्हता. आम्हाला मात्र फुकटचा एकेक महिना जड जात होता.

आमचं सॉफ्टवेअर थोडंफार पसरलं ते रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलींमुळे. नोकरी बदलली, की त्या नव्या दवाखान्यात सांगायच्या, "सर, आधीच्या ठिकाणी ते होतं ना, तेच घ्या." हे आम्हाला कळलं तेव्हा पैसे संपत आले होते. आम्ही डॉक्टरांशी बोलायचो. रोज सहा तास ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाशी कुणी बोललंच नाही. भावाचे पैसे फेडायला मला पुढे बराच काळ नोकरी करावी लागली.

याचा दोष मी पुस्तकाला देत नाही. पण अशा पुस्तकांची घडणच अशी असते, की कृती लक्षात राहते आणि अट विसरायला होते. शिवाय व्हिडिओ करून फसलेल्यांची प्रकरणं कुणी लिहीत नाही. त्यामुळे उपाय चालला कशामुळे, हे पडताळायला आपल्याकडे दुसरी बाजूच नसते.

हेच निर्णयांबद्दलच्या सल्ल्याचं. जेफ बेझोस यांची दोन दारांची उपमा तुम्ही ऐकली असेल. काही निर्णय एकदिशा दारासारखे, गेलात की परत येता येत नाही. बाकीचे बहुतेक दोन्हीकडून उघडणारे, ते झटपट घ्या. २०१५ सालासाठी ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात हे आहे. पण ते पत्र मुळातून वाचा. तक्रार आहे मोठ्या कंपन्यांच्या सुस्तीबद्दल: साध्या निर्णयालाही त्या जड प्रक्रिया लावतात, असं. आणि त्याला एक तळटीप आहे. उलट चूक करणाऱ्या, म्हणजे न फिरणारे निर्णय हलकेपणानं घेणाऱ्या कंपन्या मोठ्या व्हायच्या आधीच संपतात, त्यामुळे त्या आपल्याला दिसत नाहीत, अशा अर्थाची. बेझोस यांनी स्वतःच इशारा दिलाय! व्याख्यानांत दारं येतात, तळटीप येत नाही.

तुमच्या खात्यात सहा महिन्यांचे पगार असतील, तर आमच्या रेफरल योजनेसारखा 'परत फिरता येईल' असा निर्णयही आठ महिने खातो. दारातून परत येता येतं हो, पण आलात तेव्हा घर विकलेलं असतं.

ब्रँडबद्दल एकच सांगतो. नाव आणि डॉट कॉम पत्ता मिळेपर्यंत काम अडवून ठेवणारे लोक मी पाहिलेत. ड्रॉपबॉक्सकडे २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत स्वतःच्या नावाचा पत्ता नव्हता. गेटड्रॉपबॉक्स डॉट कॉम अशा जोडपत्त्यावर काम चाललं होतं. पण यावरूनही 'नाव महत्त्वाचं नाही' असा नियम काढू नका, नाहीतर मी आत्तापर्यंत बोललो ते वाया. त्यांची वस्तू मित्राच्या निमंत्रणातून, दुव्यावर टिचकी मारून पोचत होती. पत्ता पाठ असण्याची फारशी गरज नव्हती. तुमचं गिऱ्हाईक जर दुकानदाराला तोंडी नाव सांगून वस्तू मागणार असेल, तर नाव जिभेवर बसायलाच हवं.

तर मग ही पुस्तकं वाचायची की नाही? जरूर वाचा. रीस यांचा मूळ आग्रह, की आपला समज गिऱ्हाइकापुढे लवकर तपासा, मला आजही पटतो. आम्ही तो पाळला असता, तर रिसेप्शनवरच्या मुली पहिल्याच महिन्यात भेटल्या असत्या. आम्ही त्यांचा आग्रह सोडला आणि उदाहरण उचललं.

फक्त प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा. हे केलं तेव्हा त्यांच्याकडे आधीपासून काय होतं? हे कुणासाठी केलं, आणि माझं गिऱ्हाईक तसं आहे का? आणि हे करायच्या आधी त्यांचं काय फसलं होतं? तिसऱ्याचं उत्तर पुस्तकात नसेल, तर त्या माणसाचं जुनं भाषण शोधा. ड्रॉपबॉक्सच्या बाबतीत ते २३३ डॉलर तिथेच सापडतात.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कुणी सध्या रेफरल योजना चालवत असेल, तर त्यांनी आधी हात वर करा.