पूर्वायुष्याशी इमान : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील सचोटी

धर्मांतराच्या कथनाला एक मोह सहजच जडतो. नव्या श्रद्धेपर्यंत पोचलेला लेखक मागे वळून पाहतो, तेव्हा सारी वाट याच मुक्कामाकडे येत होती असे त्याला भासू लागते. मग पूर्वीचे आपण अज्ञानी आणि आजचे आपण जाणते, अशी वाटणी करून तो मोकळा होतो. सत्य हा ज्या श्रद्धेचा पाया, तिचीच साक्ष देताना असत्याचा शिरकाव होतो तो या वाटेने. म्हणून ख्रिस्ती आत्मकथनातील सचोटी पारखावयाची, तर लेखकाने आपल्या पूर्वीच्या स्वतःला कसे वागविले हे पाहावे लागते. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ १८८८ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातच रात्र आणि पहाट यांचे रूपक असल्याने पूर्वायुष्य काळोखाच्या खात्यावर जमा होणार, हे आधीच ठरून गेलेले आहे. तरीही हे पुस्तक निव्वळ प्रचारग्रंथ होत नाही, ते त्यातील भीतीच्या आणि चालढकलीच्या हिशेबामुळे. मुंबईत १८४९च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेशी पदमनजींचा संबंध होता. या सभेच्या सदस्यांना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिभेद झुगारल्याची खूण पटवावी लागे. मात्र हे सारे गुप्तपणे चाले. बंद दाराआड जात मोडायची आणि घरच्या पंगतीत ती पाळायची, असा हा व्यवहार होता. मन ख्रिस्ती धर्माकडे वळल्यावरही पदमनजींचे पाऊल रेंगाळत राहिले; बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८५४ मध्ये. पटलेले उघड न बोलणे हाही असत्याचाच प्रकार होय, ही जाणीव त्यांच्या कथनाला नैतिक बळ देते. मात्र रूपकाचा आग्रह एवढा की, त्या रात्रीतही काही चांदणे असेल, याला पुस्तकात फारशी जागा उरत नाही.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी असे मान्य केले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र नव्हे. ज्यांच्या देणग्यांवर संस्था चालते अशा श्रद्धाळू वाचकांसमोर हे लिहिणे सोपे नव्हते. परंतु ए. बी. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला आणि या कबुलीजबाबाकडे नव्याने पाहणे भाग पडले. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या या पत्रव्यवहारात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेतात, बायबल स्वतः वाचून निर्णय करण्याचा हक्क सोडत नाहीत आणि पुरोहितांच्या सत्तेतून सुटून आलेल्या आपण दुसऱ्या धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत जाणार नाही, असे बजावतात. उपकारकर्त्यांना दुखविण्याची वेळ आली तरी न पटलेल्या गोष्टीला त्या होकार देत नाहीत. म्हणजे १९०७च्या रमाबाईंनी ज्या पूर्वीच्या रमाबाईंना अपुऱ्या ठरविले, त्यांची सचोटी त्यांच्याच पत्रांनी राखली. साक्ष आणि पत्रे शेजारी ठेवून वाचल्याखेरीज या व्यक्तिमत्त्वाचा न्याय होणार नाही.

हीच वृत्ती शारदा सदनाच्या वादात दिसते. १८८९ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढच्या वर्षी पुण्यास आली. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याच्या तक्रारीवरून १८९३ साली रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. आपण कोणावर सक्ती करणार नाही, पण आपली प्रार्थना लपविणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. विधवा मुलींच्या एकमेव आश्रयदात्रीचे उदाहरण हाही एक दाब असू शकतो, हा आक्षेप मात्र आजही विचारात घ्यावा लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’त मोहावर जो विजय मिळतो, तो युक्तिवादाविना. पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा लेखिकेला ख्रिस्ती होऊन कित्येक वर्षे लोटली होती. तरीही १८९५ मधील रेव्हरंड ना. वा. टिळकांचे धर्मांतर त्या सांगतात ते मागे टाकून दिलेल्या पत्नीच्या जागेवरून. तिचा आकांत, संताप आणि नवऱ्याविषयीचा रोष यांवर नंतरच्या श्रद्धेचे पाणी त्या फिरवीत नाहीत. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या कथेने सुरू होणारे हे पुस्तक पुढे लेखिकेच्या स्वतःच्या सोवळ्याची कथा होते. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात परतल्यावरही त्या शिवाशीव पाळीत राहिल्या, हे त्यांनी हसतहसत आणि काहीही न झाकता लिहिले आहे. जातिभेद मनातून गेला तो आधी. बाप्तिस्मा आला तो नंतर. हा क्रम उलटा सांगितला असता तर धर्माचा महिमा वाढला असता, पण कथन खोटे झाले असते. लक्ष्मीबाईंचा विनोद हा सचोटीचाच एक अवयव आहे, तो या अर्थाने : सोवळ्यातल्या लक्ष्मीला त्या हसतात, पण तिला नाकारत नाहीत.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई ब्राह्मण, पदमनजी कासार. त्यांच्या धर्मांतराची किंमत जात गमावण्यात मोजली गेली. अहमदनगर परिसरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून जे अनेक जण ख्रिस्ती झाले, त्यांच्यापाशी गमावण्यासाठी प्रतिष्ठाच ठेवलेली नव्हती. त्यांच्या श्रद्धेवर पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोप झाला, आणि त्याला उत्तर देणारी त्यांची स्वतःची आत्मकथने या काळात जवळजवळ मिळत नाहीत. भाकरीची गरज आणि देवाची ओढ एकाच माणसात एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात, हे सांगणारे पान मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या या पर्वात कोरेच राहिले.

असे असूनही या तिघांनी मराठी गद्याला दिलेली देणगी मोठी आहे. एकाने भय लपविले नाही, दुसरीने शंका लपविली नाही, तिसरीने राग लपविला नाही. श्रद्धेची साक्ष विश्वसनीय होते ती श्रद्धेच्या आड येणाऱ्या गोष्टी तशाच मांडल्याने. आणि म्हणूनच ख्रिस्ती नसलेला वाचकही या पानांवर विश्वास ठेवतो.