यादी म्हणजे उत्तर नव्हे

दिवाळीच्या सुटीत भाईंदरला आमच्या दारात सहा मुलांनी कॅरमचे सामने ठरवले. पाच दिवस, रोज तीन जोड्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे. दिवसांचा क्रम सोडला तर अशी वेळापत्रके नेमकी ६ होतात! आता दोन मुलांनी आपसांत नावे बदलावीत. एकही वेळापत्रक जागेवर राहत नाही. सहाही तीन जोड्यांनी जागा बदलतात.

अदलाबदलींच्या अशा कुटुंबाला गणिती 'ग्रुप' म्हणतात. कुटुंबाची घडण न मोडता सभासदांची फेरमांडणी केली, की तो ऑटोमॉर्फिझम. मुलांना नवी नावे दिली तर दोघांची अदलाबदल दोघांचीच राहते. ही घरातली मांडणी. वेळापत्रकांमुळे तीच तीन जोड्यांची होते, ही बाहेरची. वस्तूंच्या सगळ्या अदलाबदली घेतल्या, तर अशी बाहेरची मांडणी केवळ सहा वस्तूंपाशी सापडते, हे होल्डरने १८९५ साली दाखवले.

ज्या सान्त ग्रुपांचे आणखी तुकडे पडत नाहीत, ते 'सिंपल'. सहा वस्तूंच्या ७२० अदलाबदलींपैकी निम्म्या, म्हणजे ३६०, असाच ग्रुप करतात. ऑटो श्रायरने तर्क केला, की कोणत्याही सान्त सिंपल ग्रुपच्या बाह्य मांडण्यांचा गुंता पायरीपायरीने उलगडतोच. तर्क खरा ठरला, पण कसा? सर्व सान्त सिंपल ग्रुपांची यादी झाल्याचे १९८३ मध्ये जाहीर झाले, तिच्यातली उणीव २००४ मध्ये भरून निघाली, आणि मग एकेक नाव तपासून 'होय' म्हटले गेले. कोणत्याही कुळात न बसणाऱ्या २६ ग्रुपांपैकी १२ जणांना एकच बाह्य मांडणी आहे, १४ जणांना एकही नाही. यादीवाचूनची सिद्धता आजही नाही.

माझा आक्षेप येथेच आहे. एखाद्या लेखकाची सारी पुस्तके वाचून 'वाईट एकही नाही' असे म्हणणे ही नोंद झाली, समीक्षा नव्हे. आपले श्रीराम अभ्यंकर शाळेतल्या बीजगणिताचा कैवार घेत. त्या २६ पैकी मॅथ्यूच्या ग्रुपांसाठी त्यांनी कागदावर मांडता येतील अशी समीकरणे दिली. अर्थात ग्रुप ओळखताना त्यांनीही त्या यादीचा आधार घेतलाच. म्हणून यादीचा उपमर्द मी करणार नाही. तिच्यामागे हजारो पानांचे कष्ट आहेत.

पण वर्गात पोर 'का?' विचारते, तेव्हा 'मोजून पाहिले' हे मास्तराचे उत्तर त्याला पुरत नाही. सहा मुलांची सहा वेळापत्रके पाहिली, की 'का' डोळ्यांपुढे उभा राहतो. श्रायरच्या तर्काला तो अजून मिळायचा आहे. सत्य हाती आले, मर्म राहिले.