कोस्ती : एक पांढरी, दोन गावे

‘गाव’ या मराठी शब्दात जागा आणि माणसे असे दोन अर्थ एकवटलेले आहेत. ‘गाव उठले’ असे म्हणताना माणसे अभिप्रेत असतात. ‘गाव ओस पडले’ असे म्हणताना जागा. जुन्या दफ्तरांत वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ हा स्वतंत्र शब्द असे, आणि त्यामुळे पुष्कळसा घोटाळा टळे. निर्वासितांनी वसविलेल्या गावाचा इतिहास सांगणाऱ्यास हा भेद क्षणभरही विसरून चालत नाही. कारण तेथे पांढरी एक असते आणि गावे दोन. बल्गेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, स्त्रान्जाच्या डोंगराळ प्रदेशात, वेलेका नदीच्या खोऱ्यात असलेले कोस्ती हे अशा गावाचे ठळक उदाहरण होय.

बाल्कन युद्धांपूर्वी कोस्ती ऑटोमन साम्राज्यात होते व तेथील वस्ती ग्रीकभाषी होती. सप्टेंबर १९१३ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या तहान्वये हा भाग बल्गेरियाकडे गेला. तत्पूर्वीच, जुलै १९१३ मध्ये, ऑटोमन सैन्याने पूर्व थ्रेस पुन्हा जिंकला होता आणि तेथील बल्गेरियन खेडी उठली होती. नोव्हेंबरमध्ये अॅड्रियानोपल येथे झालेल्या करारात सरहद्दीलगतच्या १५ किलोमीटरच्या पट्ट्यातील लोकसंख्येच्या ‘अदलाबदली’ची तरतूद झाली, वस्तुतः जे बव्हंशी घडून गेले होते त्यालाच हे सभ्य नाव मिळाले. १९१४ मध्ये कोस्तीच्या ग्रीकांनी गाव सोडले आणि त्या पांढरीवर पूर्व थ्रेसमधील बल्गेरियन निर्वासित येऊन राहिले. बल्गेरियनमध्ये त्यांना ‘बेझान्त्सी’ म्हणतात. हा शब्द पळून जाण्याच्या क्रियापदावरून आलेला आहे. मराठी ‘निर्वासित’ हे कर्मणी धातुसाधित आहे. घालवून देणारा कोणी तरी त्यात गृहीत असतो. प्रस्तुत प्रकरणी मराठी शब्द अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

या उच्छेदाचा प्रमुख आधारग्रंथ एका भाषाशास्त्रज्ञाने लिहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ल्युबोमिर मिलेतिच (१८६३–१९३७) यांचा ‘१९१३ मधील थ्रेसच्या बल्गेरियनांचा विध्वंस’ हा ग्रंथ १९१८ मध्ये सोफिया येथे प्रसिद्ध झाला. पूर्व बल्गेरियन बोलींवरील त्यांचा ग्रंथ १९०३ मध्ये व्हिएन्ना येथे निघाला होता. म्हणजे बोलींच्या वर्णनापासून बोलणाऱ्यांच्या उच्छेदाच्या नोंदीपर्यंतचे अंतर अवघे पंधरा वर्षांचे. क्षेत्रकार्याची शिस्त दोहोंत एकच आहे : गावागावाची वेगळी नोंद, निवेदकाची साक्ष, आणि सामान्य विधान करण्याची घाई नाही. या ग्रंथाचे प्रामाण्य आजही टिकून आहे ते या शिस्तीमुळे. त्यातील राष्ट्रीय भावनेमुळे नव्हे.

तथापि या पद्धतीची मर्यादाही ग्रंथाच्या शीर्षकातच आहे. मिलेतिच यांचा विषय ‘विध्वंस’ हा आहे, पुनर्वसन हा नव्हे. आणि विध्वंसही बल्गेरियनांचा. निर्वासित सरहद्द ओलांडून आले की त्यांची कथा संपते. ते कोणाच्या चुलीपाशी जाऊन बसले, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवतच नाही. ज्या अभ्यासकाने ट्रान्सिल्व्हेनियात स्थलांतरित बल्गेरियनांच्या भाषेचा माग काढला, त्याला बोली माणसांबरोबर चालते हे शिकविण्याची गरज नव्हती. म्हणूनच ही उणीव अज्ञानाची नसून पक्षाची आहे, असे म्हणणे भाग पडते.

दुसऱ्या बाजूचे चित्र लोरिंग डॅनफोर्थ यांच्या १९८९ च्या ग्रंथात आढळते. कोस्तीचे ग्रीक अखेर ग्रीक मॅसिडोनियातील आया एलेनी व इतर गावांत स्थिरावले. संत कॉन्स्टंटाइन व हेलेना यांच्या मूर्तिचित्रांसह निखाऱ्यांवरून नाचण्याचा ‘आनास्तेनारिया’ हा विधी त्यांनी तेथे चालू ठेवला. या विधीतील व्याधिमुक्तीचा अर्थ डॅनफोर्थ फार समजुतीने उलगडतात. (ग्रंथाचा मोठा भाग अमेरिकेतील अग्निचालनाच्या चळवळीस दिल्याने कोस्तीकरांच्या वाट्याची पाने कमी झाली, ही तक्रार मात्र राहतेच.) येथे कोस्ती आहे ते स्मृतीत; १९१४ नंतर त्या पांढरीवर दिवा लावणारी माणसे या कथेबाहेरच राहतात. मिलेतिच यांच्या ग्रंथातून जी कुटुंबे सरहद्दीवर निसटतात, ती येथेही हाती लागत नाहीत.

याच विधीचे बल्गेरियन रूप, ‘नेस्तिनारस्त्वो’, २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदले गेले, ते शेजारच्या बल्गारी गावाच्या उत्सवाच्या नावाने. यादीला गाव म्हणून जागा लागते. उठून गेलेले गाव त्या रकान्यात बसत नाही.

नावांची गोष्ट याहून बोलकी आहे. किनाऱ्यावरील वासिलिको १९३४ मध्ये त्सारेवो झाले, १९५० मध्ये मिचुरिन, आणि १९९१ मध्ये पुन्हा त्सारेवो. कोस्तीचे नाव मात्र टिकले. बल्गेरियात ते जागेचे नाव आहे. ग्रीसमध्ये ‘कोस्तिलीदेस’ या रूपाने ते माणसांचे झाले आहे. शेते, झरे, पाणवठे यांची नावे दोन्ही भाषांतून, दोन्ही देशांतील वृद्धांकडून टिपून एकमेकांशेजारी मांडली, तर उठलेल्या गावाकडून वसलेल्या गावाकडे काय पोहोचले आणि काय वाटेतच राहिले, हे शब्दागणिक दाखविता येईल. ते काम मिलेतिच यांच्याच शिस्तीचे आहे. फक्त त्यासाठी साक्षीदार सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे घ्यावे लागतील.