अ‍ॅटमपंक : अणुयुगाचे स्मरणरंजन आणि त्यातील मौन

स्टीमपंकने वाफेच्या युगाकडे वळून पाहिले. अ‍ॅटमपंक या विज्ञानसाहित्याच्या उपप्रकाराने १९४५ नंतरच्या दोन दशकांतील अमेरिकेचे भविष्यस्वप्न हा आपला विषय केला. हे स्वप्न केवळ कल्पित नव्हते. ८ डिसेंबर १९५३ रोजी आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ ही भूमिका मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी वीज मोजण्याचीही गरज उरणार नाही इतकी स्वस्त होईल, असे भाकीत केले. फोर्ड कंपनीने तर अणुभट्टीवर चालणाऱ्या ‘न्यूक्लिऑन’ मोटारीची प्रतिकृती घडविली. (ती प्रतिकृतीच राहिली, हे सुदैव.)

इंटरप्ले कंपनीचा १९९७ मधील ‘फॉलआउट’ हा संगणकीय खेळ याच स्वप्नाची चिकित्सा करतो. त्यातील समाज १९५०च्या दशकातील अभिरुचीतच गोठून राहिला आहे आणि २०७७ मधील अणुयुद्धात तो भस्मसात होतो. भूमिगत निवारे विकणाऱ्या कंपनीचे हसरे बोधचिन्ह अवशेषांमध्ये तसेच हसत राहते. जाहिरातीची भाषा आणि विनाशाचे दृश्य शेजारीशेजारी ठेवण्यातच या कृतीच्या उपरोधाचे बळ आहे. वेगळे भाष्य करण्याची तिला गरज भासत नाही.

मात्र २००८ मध्ये बेथेस्डा कंपनीचा तिसरा भाग आला, तेव्हा त्याच्या संग्राहक आवृत्तीसोबत पत्र्याचा जेवणाचा डबा आणि त्याच बोधचिन्हाची मान डोलावणारी बाहुली मिळत असे. ज्या विक्रीतंत्राची टर उडवायची, त्याच तंत्राने उपरोधही विकला गेला. २०२४ च्या दूरचित्रवाणी मालिकेने हा उपरोध अधिक व्यापक प्रेक्षकांपर्यंत नेला, पण हा पेच सुटला असे म्हणता येत नाही.

त्याहून गंभीर आहे ते मौन. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर झालेल्या सुमारे १५ मेगाटनच्या ‘ब्राव्हो’ चाचणीची किरणोत्सारी राख राँगेलापच्या रहिवाशांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. युरेनियमच्या खाणींत राबलेल्या नवाहो कामगारांनी या युगाची किंमत आपल्या फुप्फुसांनी मोजली. अ‍ॅटमपंकच्या चकचकीत दृश्यभाषेत यांना क्वचितच जागा मिळते. याउलट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘गोजिरा’ या जपानी चित्रपटाचा आरंभच समुद्रात अचानक लखलखणाऱ्या प्रकाशाने आणि जळणाऱ्या जहाजाने होतो. त्या नौकेची घटना तेव्हा जेमतेम आठ महिन्यांपूर्वीची होती.