झाडीपट्टीचा ऑर्गन अजून कागदावर यायचा आहे

दिवाळी उरकली, धान कापणीला आलं की वडशातल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांबाहेर फलक झळकू लागतात. गावाचं सरकारी नाव देसाईगंज. पण झाडीपट्टीत नाटक ठरवायचं ते वडशालाच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं रात्रभर प्रयोग चालतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीच्या नटाकडं बाहेरच्यांचं लक्ष गेलं. मंचासमोर ऑर्गन घेऊन बसणाऱ्याच्या वाट्याला अशी दखल क्वचितच येते.

खरं तर रात्रीचा निम्मा भार त्याच्यावर असतो. नट गाता गाता पट्टी सोडतो, त्याला हळूच परत आणायचं. प्रवेश बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात जुन्या पदाची एखादी ओळ घेऊन ती फिरवत राहायची. हे सगळं आयत्या वेळी सुचतं. पहाटे प्रयोग संपला की तेही संपतं.

मराठीत स्वरलिपीची वाण आहे असं नाही. विष्णु नारायण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेनं कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र-तार सप्तकांना टिंबं अशी सुटसुटीत पद्धत घालून दिली. पलुस्करांची लिपी वेगळी, पण तीही शिष्यांच्या पिढ्यांनी वापरली. नाट्यपदांच्या स्वरलिपीची पुस्तकंही मिळतात. अडचण अशी की त्यांत पद असतं, वादक नसतो. चाल समजते, दोन ओळींमधली जागा कशी भरली, खटका कुठं घेतला, जोडस्वर कधी लावला, कोणतं बोट कुठून वळलं, यातलं काहीच कळत नाही. अशा पुस्तकावरून पद बसवता येतं. वादन शिकता येत नाही.

हा फरक अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विननं १९३२ साली ओळखला होता. मित्रांच्या बैठकीत पियानोवर आपलीच गाणी दर वेळी नव्यानं फिरवायची त्याला सवय होती. त्यातली अठरा गाणी त्यानं पुस्तकात दिली: आधी गाण्याचं नेहमीचं रूप, मग त्याचं स्वतःचं वादन. पुढं पियानोवादक अर्ल वाइल्डनं गर्श्विनच्या गाण्यांवर सात अभ्यासरचना लिहिल्या, त्याही चांगल्याच अवघड. मैफिलीत रंगायचं ते वाद्याच्या विद्यार्थ्यानं घोटायचा पाठ बनलं.

मराठी पेटीकडं असा पाठ व्हायला काय कमी आहे? गोविंदराव टेंबे स्वतः पेटी वाजवत आणि १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. बालगंधर्वांच्या मागं हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन होता. गोविंदराव पटवर्धनांनी नाट्यपद शब्दांशिवाय पेटीवर असं उभं केलं की ऐकणाऱ्याला गायकाची उणीव भासू नये. नागपूरचे मनोहर चिमोटे पेटीला ‘संवादिनी’ म्हणत आणि एकलवादनाचं वाद्य म्हणून तिच्यासाठी झगडले. झगडावं लागलं, कारण आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल झाली १९७१ च्या सुमारास. नामवंतांच्या पेटीची ही गत, तर झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्याचं वादन लिहून ठेवायचं कुणाला सुचणार होतं?

कागदाची सवय आपल्याकडं नव्हती, हेही खोटं. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरं सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकत. तिथूनच अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि वाद्यवृंदाचा एकेक स्वर लिहून देऊ लागले. पण ते कागद ध्वनिमुद्रणापुरतेच. काम झालं की त्यांना रद्दीची किंमत.

आता तंत्र हाताशी आहे. ऑर्गनच्या जागी सिंथेसायझर येत चालला आहे आणि मिडीची सोय असलेली पेटी प्रत्येक पट्टी कधी, किती वेळ, किती जोरात दाबली याची नोंद ठेवते. संगणक त्यातून स्वरलिपीही काढून देतो. मात्र ती जशीच्या तशी छापली तर वाचवत नाही. वादकानं लयीत मुद्दाम घेतलेला सैलपणा संगणक काटेकोर मात्रांत कोंबतो आणि साधी मुरकी बारीक तुकड्यांचा ढीग होऊन बसते. त्यात काय ठेवायचं, काय सोडायचं हे कान असलेल्या माणसानंच ठरवायला हवं. भात्याचं काय, हा प्रश्न उरतोच. हातपेटीत डावा हात भात्यावर आणि वादनाचा जोर तिथूनच येतो, तरी त्यासाठी आपल्या लिपीत सर्वमान्य खूण नाही. पायानं हवा भरायच्या ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून त्याचं लेखन पियानोसारखं दोन ओळींत करावं लागेल. पेटीची एकेरी ओळ तिथं अपुरी पडते.

त्याच गडचिरोलीत, भामरागडजवळच्या हेमलकशाकडं गेलं की हा हिशेब बदलतो. १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पामुळं हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण इथल्या माडिया आदिवासींचं गाणं झाडीपट्टीच्या नाटकाहून पार निराळं. त्यांची रेला गाणी फेर धरून, पावलांच्या ठेक्यावर, समूहानं गायची. ती पेटीवर बसवायला गेलं तर ठरीव सुरांच्या पट्ट्या गळ्यातला स्वर जवळच्या सुरावर ओढून नेणारच. संगीतकार बेला बार्टोकनं हंगेरियन शेतकऱ्यांच्या गाण्यांवर १९२० मध्ये पियानोसाठी आठ रचना केल्या. त्याआधी गावोगाव फिरून फोनोग्राफवर गाणी मुद्रित करण्यात आणि ती बारकाईनं टिपण्यात त्यानं बरीच वर्षं घालवली होती. रेलाचंही काम याच क्रमानं व्हावं: आधी गाणाऱ्यांच्या संमतीनं मुद्रण, मग त्यांनीच ऐकून दुरुस्त केलेलं लेखन. पेटीवरची रचना कुणाला करायचीच असेल तर ती त्यानंतर, गाणाऱ्या माडिया बायाबापड्यांची नावं छापून.