सोळा साचे आणि माणसाचे कर्तृत्व : ‘गिफ्ट्स डिफरिंग’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

कामाच्या ठिकाणी आपली बलस्थाने कोणती, या प्रश्नाचे उत्तर चार अक्षरांत मिळू शकते, असा विश्वास गेल्या काही दशकांत जगभर रुजला आहे. या विश्वासाच्या मुळाशी असलेला एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी आपले पुत्र पीटर मायर्स यांच्या साहाय्याने लिहिलेला ‘गिफ्ट्स डिफरिंग’ (१९८०). व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत या ग्रंथाची परिभाषा आपल्याकडेही ऐकू येते. मूळ ग्रंथ मात्र फारसा वाचला जात नाही. म्हणून त्यात नेमके काय सांगितले आहे व त्यातील कोणता भाग कसोटीला उतरतो, याचा विचार येथे केला आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

स्विस मनोविश्लेषक कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि १९२३ मध्ये इंग्रजीत आला. अमेरिकेतील कॅथरिन कुक ब्रिग्ज या त्यापूर्वीपासूनच माणसांच्या स्वभावांचे वर्गीकरण करीत होत्या. युंग वाचल्यावर त्यांनी आपली मांडणी बाजूस सारून युंग यांची स्वीकारली. त्यांची कन्या इझाबेल (१८९७-१९८०) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मांडणीला प्रश्नावलीचे रूप दिले. माणसाला आपल्या स्वभावाला मानवेल असे काम निवडता यावे, हा त्यामागील हेतू होता. मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. इझाबेल यांचा पदवीचा विषय राज्यशास्त्र होता आणि त्यांनी रहस्यकथाही लिहिल्या होत्या.

प्रश्नावलीत चार जोड्या आहेत : बहिर्मुख-अंतर्मुख, संवेदन-अंतःप्रज्ञा, विचार-भावना आणि निर्णयशील-ग्रहणशील. पहिल्या तीन युंग यांच्या, तर चौथी मायलेकींनी जोडलेली. प्रत्येक जोडीतून एक बाजू घेतली की चार अक्षरांचे एक चिन्ह बनते आणि अशी एकूण १६ चिन्हे होतात.

ग्रंथाचे सामर्थ्य

ग्रंथाचे शीर्षक बायबलमधील रोमकरांस पत्रातून घेतले आहे. प्रत्येकाला लाभलेली देणगी वेगळी असते, हे त्याचे सूत्र. कोणताही प्रकार श्रेष्ठ नाही, कोणताही सदोष नाही, अशी लेखिकेची भूमिका आहे. माणसात काय बिघडले आहे हे शोधण्यावर भर देणाऱ्या चाचण्या प्रचलित असताना ही दृष्टी निश्चितच उदार होती. कार्यालयात एकाला आधी बारीकसारीक तपशील हवा असतो, दुसऱ्याला आधी संपूर्ण आराखडा. त्यांच्यातील कुरबुरीला द्वेष किंवा आळस कारणीभूत नसून विचारांची रीत कारणीभूत असू शकते, ही समज या ग्रंथाने असंख्य वाचकांना दिली. मितभाषी माणसाला घुमा म्हणून हिणवण्याऐवजी त्याच्याकडे आदराने पाहण्यास शिकविणारी भाषा त्याने घडविली. हे श्रेय नाकारता येत नाही.

कल आणि क्षमता

अडचण पुढे सुरू होते. लेखिकेच्या मते प्रश्नावली मोजते ते माणसाचे प्राधान्य, म्हणजेच कल. परंतु सोळा प्रकारांच्या वर्णनांत आणि व्यवसायविषयक प्रकरणात हा कल नकळत क्षमतेच्या जागी येऊन बसतो. ज्याला तर्काने निर्णय घेणे आवडते त्याचा तर्क चांगला असणार, ज्याला माणसे आवडतात त्याला माणसे सांभाळता येणार, असा ग्रह वाचकाच्या मनात तयार होतो. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून काही वर्षे ‘कल चाचणी’ घेण्यात आली, पुढे तिला ‘अभिक्षमते’ची जोड देण्यात आली. ती चाचणी वेगळ्या पद्धतीची होती. पण आवड आणि कुवत स्वतंत्रपणे पाहावी लागतात, हे तिच्या नावातूनही स्पष्ट होते. गाण्याची आवड असलेला प्रत्येक जण गवई होत नाही.

इझाबेल यांनी ५,००० हून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांची माहिती जमविली होती. कोणत्या प्रकारचे विद्यार्थी पुढे कोणत्या शाखेकडे वळतात, हे त्यातून दिसते. इतक्या चिकाटीने केलेले हे काम दाद देण्यासारखे आहे. तथापि, एखाद्या शाखेकडे कोण वळले हे कळल्याने तेथे उत्तम शल्यचिकित्सक कोण ठरला हे कळत नाही.

पुढील संशोधनाचा कौल

दुसरा आक्षेप मोजमापाचा. उंचीप्रमाणे अंतर्मुखताही कमी-अधिक प्रमाणात असते आणि बहुतेक माणसे मधल्या भागात असतात. मध्यरेषेच्या किंचित अलीकडे असलेल्याला एक अक्षर मिळते आणि किंचित पलीकडे असलेल्याला नेमके विरुद्ध. प्रत्येक अक्षर दुसऱ्या खेपेस तेच येण्याची शक्यता ८५ टक्के धरली, तरी चारही अक्षरे तीच येण्याची शक्यता सुमारे ५२ टक्केच उरते. डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये केलेल्या आढाव्यात नेमके हेच दिसते : अवघ्या पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यास जवळपास निम्म्या लोकांचा प्रकार बदलू शकतो. त्याआधी १९८९ मध्ये रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी दाखवून दिले होते की, या चार मोजपट्ट्या काही खऱ्या स्वभावगुणांशी जुळतात, पण माणसांचे वेगवेगळे ‘प्रकार’ असल्याचा पुरावा मिळत नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनेही करिअर मार्गदर्शनासाठी या चाचणीचा वापर समर्थनीय ठरावा इतके भक्कम संशोधन उपलब्ध नसल्याचा निर्वाळा दिला. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नये, असे तिचे प्रकाशकही सांगतात.

मग ‘हे अगदी माझेच वर्णन आहे’ असे वाचकाला का वाटते? बर्ट्रम फोरर यांचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे स्वतंत्र वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. सोळा वर्णने एकसारखी नाहीत हे खरे. पण ती प्रशंसापर आहेत आणि वाचकाने स्वतःविषयी जे सांगितले तेच नेटक्या शब्दांत त्याला परत करतात. आरशाचे काम ती चांगले करतात. परीक्षकाचे काम त्यांच्याकडून होत नाही.

मिजाज : एक तुलना

स्वभावांचे प्रकार पाडणे नवे नाही. युनानी वैद्यकात दमवी, बलगमी, सफरावी आणि सौदावी असे चार मिजाज मानले जातात. शास्त्र म्हणून ती मांडणी आज मागे पडली असली, तरी तिच्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्ये वयानुसार मिजाज बदलतो असे मानले आहे, ऋतू आणि प्रदेश यांचा परिणामही विचारात घेतला जातो. म्हणूनच उर्दू बोलणारा माणूस भेटताच ‘मिजाज कैसे हैं?’ असे विचारतो. जे कायमचे ठरलेले आहे त्याची रोज विचारपूस करावी लागत नाही. मराठीत हाच शब्द ‘मिजास’ होऊन आला आणि त्याला ताठ्याचा अर्थ चिकटला. चार अक्षरांचेही असेच होते. स्वतःला ओळखण्यासाठी घेतलेले चिन्ह पुढे ‘मी असाच आहे’ या हट्टाची सबब बनते. युंग यांनीही माणसांवर अशी लेबले लावण्याविरुद्ध इशारा दिला होता.

समारोप

हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. घरातील शिकणारी पहिली पिढी असलेल्या विद्यार्थिनीला ‘तू अंतर्मुख, अध्यापन तुझे क्षेत्र नव्हे’ असे एखाद्या शिबिरात सांगितले गेले, तर तिच्यापुढील एक दार विनाकारण बंद होते. वर्गापुढे उभे राहण्याचे धैर्य सरावाने येते आणि अनेक उत्तम शिक्षक मुळात अबोल असतात. बलस्थान शोधायचेच असेल तर प्रत्यक्ष काम पाहावे : कोणते काम पुन्हा पुन्हा नीट पार पडले, सहकारी कोणत्या कामासाठी आवर्जून हाक मारतात, शिकविल्यावर कशात झपाट्याने सुधारणा झाली. ही माहिती गोळा करण्यास वेळ लागतो, पण तिला आधार असतो.

‘गिफ्ट्स डिफरिंग’ अवश्य वाचावा. सहकाऱ्यांविषयी सहिष्णुता शिकण्यासाठी आणि स्वतःविषयी काही प्रश्न विचारण्यासाठी तो उपयुक्त आहे. त्या प्रश्नांची उत्तरे मात्र कामातूनच मिळवावी लागतात. देणग्या वेगवेगळ्या असतात हे ग्रंथाचे सूत्र खरे आहे. त्या नेमक्या सोळाच प्रकारच्या असतात, हे मात्र ग्रंथाला सिद्ध करता आलेले नाही.