पिंगियाची 'पीति'

सुत्तनिपातातील पारायनवग्ग आमच्या विहारांतून क्वचितच वाचला जातो. वस्तुतः गोदाकाठच्या उपासकांना तो अधिक जवळचा वाटावयास हवा. गोदावरीतीरी राहणारा बावरी आपले सोळा शिष्य तथागतांकडे प्रश्न विचारण्यास धाडतो आणि त्यांतील वृद्ध पिंगिय परतून गुरूला वृत्तान्त सांगतो. (बावरीचा आश्रम नाशिकलाच होता, असे मात्र कोणी उत्साहाच्या भरात म्हणू नये. गाथांत अस्सक व अळक ही नावे येतात. शिवाय ही प्रास्ताविक कथा उत्तरकालीन असावी. चूळनिद्देसात तिच्यावर भाष्य नाही.)

अशा शास्त्यापासून क्षणभर तरी दूर का राहतोस, असे बावरी विचारतो. पिंगिय म्हणतो, मी दूर नाहीच. शरीर थकले, तिथवर जाववत नाही; परंतु डोळ्यांनी पाहावे तसे मी मनाने रात्रंदिवस पाहतो. श्रद्धा, पीति, मन आणि स्मृती गोतमाच्या शासनापासून ढळत नाहीत. ही 'पीति' म्हणजे मराठीतील 'प्रीती' नव्हे. धम्म उमगल्याने अंतःकरणात उसळणारा तो आनंद होय.

येथे आमचा वाचक अडखळतो. पिंगिय 'संकप्पा'ने तथागतांकडे जातो. त्या शब्दाला सहज 'कल्पना' म्हटले जाते. आणि बाबासाहेबांनी तर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कल्पनाधिष्ठित विश्वासास अधम्म म्हटले आहे. लगेच पुढे, धर्मग्रंथांचे वाचन म्हणजे धम्म नव्हे, असेही बजाविले आहे. मग पिंगियाचे काय? काही सुशिक्षित मित्र त्याला भक्तिमार्गी ठरवून मोकळे होतात. आम्हांस हे मान्य नाही. बाबासाहेबांचा रोख मी पूर्वी होतो काय, पुढे असेन काय, जग कोणी निर्मिले, अशा तर्कजालावर आहे. पिंगिय पाहिलेल्या शास्त्याला आणि ऐकलेल्या धम्माला आठवितो. त्याचे काही मागणे नाही. हा धम्म इथेच पाहता येणारा, तृष्णाक्षयाचा आहे, एवढेच कारण तो देतो.

अंगुत्तरनिकायात महानाम शाक्य या गृहस्थास सांगितलेला क्रमही पाहावा. बुद्धगुणांच्या अनुस्मृतीत आधी अर्थाचा व धम्माचा बोध, मग प्रामोद्य, त्यातून पीति, मग कायेची शांती, सुख, समाधी. मुलाबाळांनी गजबजलेल्या घरातही हे करावे, असे त्याला सांगितले आहे. अर्थ अगोदर आहे, ही गोष्ट आम्ही विसरलो. बुद्धवंदना खणखणीत म्हटली जाते. तीतील नऊ गुणांचा अर्थ विचारला की माना खाली जातात. हा दोष उपासकांचा नव्हे, आम्हां पालि शिकलेल्यांचा आहे.

ज्यांच्या वाडवडिलांनी १९३० साली काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह केला, त्या घरांतील कित्येक आजींना आता त्रिरश्मीच्या पायऱ्या चढवत नाहीत. अठराव्या लेण्यातील स्तूप त्यांनी तरुणपणी पाहिलेला आहे. वंदनेतील एकेका पदाचा अर्थ घेऊन त्यांच्यापाशी बसावे. पिंगियाची गाथा त्यांना आमच्याहून लवकर कळेल, असा आमचा अदमास आहे.